काटा खाली आला तरी थांब

बाळा, जुनी पिकअप घेतलीस, हरकत नाही. जुनी गाडीही घर चालवते. फक्त सकाळी स्टार्टर मारायच्या आधी बोनेट उघडायची सवय लाव. इंजिन थंड असतानाच रेडिएटरचं झाकण काढ. पाण्यावर तेलाचा तवंग दिसला, किंवा डिपस्टिकवर ऑइल दुधाच्या चहासारखं आलं, तर त्या दिवशी भाडं घेऊ नकोस. पाणी ऑइलमध्ये गेलंय, आणि असलं ऑइल बेअरिंग खातं.

माझं इंजिन आंबा घाटात गेलं. एप्रिलची दुपार, मागे हापूसच्या पेट्या, संध्याकाळच्या आत कोल्हापूर गाठायचं. साखरपा सोडलं आणि चढावर टेंपरेचरचा काटा वर सरकायला लागला. एवढं वळण संपू दे, मग बघू, असं करत मी रेटत राहिलो. मग काटा आपोआप खाली आला. मला वाटलं, गार झाली. खरं तर होज फुटून पाणी निघून गेलं होतं. सेन्सर पाण्याची उष्णता मोजतो; पाणीच नसेल तर तो काय दाखवणार? गाडी बंद पडल्यावर मी घाईने गार पाणी ओतलं आणि तापलेल्या हेडला तडा गेला. होज काही शेकड्यांचा. मला नवं हेड, गॅस्केट, टोचन आणि मऊ पडलेल्या आंब्याची भरपाई, सगळं पडलं. तुझ्या मामीच्या पाटल्या त्या वर्षी गेल्या.

म्हणून काटा नेहमीच्या जागेवरून वर सरकला, किंवा चढावर अचानक पडला, की गाडी बाजूला घे. अर्धा-पाऊण तास झाकणाला हात लावू नकोस.

धूर ओळखायला शीक. काळा असेल तर आधी एअर फिल्टर आणि नोझल बघ, काम स्वस्तात निभावतं. निळा म्हणजे ऑइल जळतंय. थंडीत सकाळी थोडा पांढरा चालतो. इंजिन तापल्यावरही येत राहिला आणि पाणी कमी होत असलं तर गॅस्केटवर संशय घे.

गॅरेजवाला ‘इंजिन बांधावं लागेल’ म्हणाला की लगेच मान डोलावू नकोस. गाडी चालू ठेवून ऑइलचं झाकण काढ. धूर फसफसून वर आला तर बॅक कॉम्प्रेशन आहे, रिंगा झिजल्या असतील. तरी चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजून घे, मगच खोलू दे. हेड उतरवलं तर प्रेशर टेस्ट आणि फेसिंग करून घे. डोळ्यांना सरळ दिसतं म्हणून बसवू देऊ नकोस. जुने पार्ट हातात माग. क्रँकपर्यंत काम गेलं की खर्च लाखाच्या घरात जातो, तेव्हा आधी गाडीची आजची किंमत विचारून ये.

सीटमागे पाण्याचा पाच लिटरचा कॅन, एक होज आणि चार क्लिपा ठेव. साखरप्याला चहाला थांबशील तेव्हा सगळ्या पाइपांवरून एकदा नजर फिरव.