कालपर्यंत तर नीट चालली की!

लोहाऱ्याला आमच्या विहिरीवरच्या मोटारीचा ओव्हरलोड रिले सारखा ट्रिप व्हायचा, म्हणून वायरमनने मोटार डायरेक्ट करून दिली. दोन उन्हाळे काही झालं नाही. तिसऱ्यात वाइंडिंग जळालं. अण्णा म्हणाले, "कालपर्यंत तर नीट चालली की!"

मित्रांनो, रासायनिक कारखान्यातही हीच फसगत होते. गेटवरचा 'अपघाताविना इतके दिवस' हा फलक बोट चिरणं, घसरून पडणं मोजतो. टाकीची अवस्था त्यावरून कळत नाही. भोपाळचंच बघा. २ डिसेंबर १९८४ च्या रात्री मिथाइल आयसोसायनेटच्या ६१० नंबरच्या टाकीत पाणी शिरलं. टाकी थंड ठेवणारी यंत्रणा काही महिने बंद होती. वायू जाळणाऱ्या फ्लेअरचा पाइप दुरुस्तीसाठी काढलेला, स्क्रबर स्टँडबायवर. पाण्याचे फवारे तर तेवढ्या उंचीवर पोचतच नव्हते. यातलं काहीच त्या रात्री बिघडलं नाही, सगळं आधीपासून तसंच होतं!

म्हणून मोजायचे ते हे संरक्षक अडथळे: आज किती बंद, किती दिवस बंद, चाचणीत किती नापास. एकेक आकडा किरकोळ दिसतो. पण एकाच टाकीचे तीन अडथळे एकदम बंद असतील, तर प्लांट कुणी थांबवायचा हे आधीच ठरलेलं हवं. व्हायवात आम्हाला रिलीफ व्हॉल्व्हचं सूत्र विचारतात. तो शेवटचा कधी तपासला, हे अजून कुणी विचारलेलं नाही.