सांबरशिंगाची मूठ की म्हशीच्या शिंगाची?

प्रश्न : टिपेश्वर अभयारण्यालगतच्या रानात सांबराचे गळलेले शिंग मिळाले. घरी घडवलेल्या सुरीला त्याची मूठ बसवता येईल का?

उत्तर : नाही. सांबर-चितळाचे शिंग दरवर्षी गळते, प्राणी जिवंतच असतो. त्यामुळे ‘पडलेलेच तर उचलले’ असे अनेकांना वाटते. पण वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 प्रमाणे ते सरकारी मालमत्ता ठरते. शिंग वनखात्याच्या ताब्यात द्यावे.

मुठीसाठी म्हशीचे शिंग घ्यावे.

सांबराचे शिंग म्हणजे हाड, आतून जाळीदार. म्हशीचे शिंग नखासारखे केराटिनचे. बुडाशी पोकळ, टोकाकडे भरीव. मुठीला भरीव टोकच निवडावे आणि ते पूर्ण वाळू द्यावे, नाहीतर पुढे तडकते. पात्याच्या शेपटीहून किंचित लहान भोक पाडून, कानशीने हळूहळू वाढवत शेपटी चपखल बसवावी. जुने कारागीर लाख वितळवून ओतत. आज इपॉक्सी सोयीचे.

घासताना तोंडाला मास्क हवाच. काचपेपर 120, 240, 400, 800 असा चढत्या क्रमाने वापरावा. घाई केली, शिंग तापले की जळक्या केसांसारखा वास येतो, तेव्हा थांबावे. शेवटी जवसाच्या तेलाचा पातळ हात. त्या तेलाच्या चिंध्या मात्र गोळा करून ठेवू नयेत, त्या आपोआप पेटू शकतात.