सूर्याचा वर्णगोल आणि हायड्रोजन-आल्फा फिल्टर

पुण्याहून सोलापूरकडे येणाऱ्या लोहमार्गावर करमाळा तालुक्यातील जेऊर हे एक लहानसे स्थानक लागते. २२ जानेवारी १८९८ रोजी दुपारी या परिसरावरून खग्रास सूर्यग्रहणाची छाया सरकत गेली. त्या छायेसाठी कॅलिफोर्नियातील लिक वेधशाळेचे विल्यम वॉलेस कॅम्बेल चाळीस फूट लांबीचा कॅमेरा व वर्णपट टिपणारी उपकरणे घेऊन समुद्रमार्गे जेऊरला आले होते. पुण्याच्या महाराजा तख्तसिंहजी वेधशाळेचे प्रमुख प्रा. कावसजी दादाभाई नायगमवाला यांचाही तळ तेथेच पडला होता. मुंबई इलाख्यात प्लेगची साथ चालू होती आणि दुष्काळाच्या तडाख्यातून जिल्हा नुकता कोठे सावरत होता. अशा दिवसांत हा सारा खटाटोप ज्यासाठी करण्यात आला, तो खग्रास काळ अवघा दोन मिनिटांच्या आसपास होता.

त्या दोन मिनिटांत जे पाहावयाचे होते, त्यातील किरीट ही गोष्ट आजही ग्रहणाखेरीज सहजासहजी दिसत नाही. परंतु चंद्रबिंबाच्या काळ्या काठावर क्षणभर झळकणारी गुलाबी-तांबडी कड, आणि तिच्यातून उसळलेली तेजःशृंगे, आज सोलापूर शहरातील एखाद्या घराच्या गच्चीवरून, कोणत्याही निरभ्र सकाळी, हव्या तितक्या वेळ पाहता येतात. त्यासाठी लागणारे साधन म्हणजे हायड्रोजन-आल्फा फिल्टर होय. हे साधन काय करते हे नीट समजून न घेता केवळ नावावरून वस्तू विकत घेतल्यास मात्र डोळा कायमचा गमावण्याची वेळ येऊ शकते. म्हणून त्याची घडण मुळापासून पाहणे इष्ट ठरेल.

तांबड्या रेषेचा शोध

डोळ्यांना दिसणारे सूर्यबिंब म्हणजे सूर्याचा दीप्तिगोल. त्याच्यावर सुमारे दोन हजार किलोमीटर जाडीचा एक विरळ थर आहे. तोच वर्णगोल. सूर्याचा व्यास सुमारे चौदा लाख किलोमीटर आहे हे लक्षात घेता हा थर म्हणजे फळावरची पातळ सालच म्हणावयास हवी. दीप्तिगोलाच्या झगझगाटापुढे या सालीचा मंद प्रकाश लोपून जातो. तो दिसावा यासाठी पूर्वी दीप्तिगोल झाकला जाण्याची, म्हणजेच ग्रहणाची, वाट पाहावी लागे.

१८ ऑगस्ट १८६८ चे खग्रास ग्रहण या दृष्टीने महत्त्वाचे ठरले. त्याचा पट्टा कोकणातून दक्षिण महाराष्ट्रातील संस्थानी मुलुख ओलांडून आंध्र किनाऱ्याकडे गेला. पटवर्धनांच्या जमखंडी संस्थानात लेफ्टनंट जॉन हर्शेल, तर गुंटूर येथे फ्रेंच शास्त्रज्ञ पिएर जान्सेन वर्णपटदर्शक लावून बसले होते. तेजःशृंगांच्या प्रकाशात सलग रंगपट्टा न दिसता सुट्या तेजस्वी रेषा दिसल्या. त्यांतील तांबडी रेषा हायड्रोजनची होती. फ्राउनहोफरने सूर्याच्या वर्णपटातील काळ्या रेषांना अक्षरे दिली होती, तीत ही ‘सी’ रेषा म्हणून ओळखली जाई. रेषा इतकी ठळक होती की, ग्रहण नसतानाही ती दिसावी असे जान्सेन यांना वाटले, आणि दुसऱ्याच दिवशी त्यांनी ती पाहिली. इंग्लंडमध्ये नॉर्मन लॉक्यर यांनी स्वतंत्रपणे त्याच वर्षी २० ऑक्टोबरला हेच साध्य केले. सूर्याचा बाकीचा प्रकाश दूर सारून एकाच रंगात त्याच्याकडे पाहावयाचे, या कल्पनेचा उगम येथे आहे.

लॉक्यर यांनी १८६८ चे ग्रहण विजयदुर्गावरून पाहिले असे पुष्कळदा सांगितले जाते. ते बरोबर नाही. त्या वेळी ते इंग्लंडमध्ये होते. विजयदुर्गास ते आले १८९८ च्या जानेवारीत, म्हणजे जेऊरला कॅम्बेल व नायगमवाला ज्या ग्रहणाची तयारी करीत होते त्याच ग्रहणासाठी.

या तांबड्या रेषेची तरंगलांबी ६५६२.८ अँगस्ट्रॉम आहे. एक अँगस्ट्रॉम म्हणजे सेंटिमीटरचा दहा कोटीवा भाग. हायड्रोजनच्या अणूतील इलेक्ट्रॉन तिसऱ्या पातळीवरून दुसऱ्या पातळीवर उतरतो तेव्हा हा प्रकाश बाहेर पडतो, आणि दुसरीवरून तिसरीवर चढतो तेव्हा शोषला जातो. म्हणूनच सूर्याच्या काठाबाहेर ही रेषा तेजस्वी दिसते, तर बिंबावर तीच काळी भासते. काळी म्हणजे प्रकाशशून्य नव्हे. त्या अरुंद फटीत जो थोडा प्रकाश उरतो तो दीप्तिगोलाचा नसून वर्णगोलाचा असतो. बिंबावरील वर्णगोल पाहावयाचा तर याच फटीतून पाहिले पाहिजे.

जेऊरनंतर

नायगमवाला निवृत्त झाल्यावर १९१२ मध्ये पुण्याची वेधशाळा बंद झाली आणि तिची वीस इंची दुर्बीण व इतर सामग्री कोडाईकनालच्या सौर वेधशाळेकडे गेली. १८९८ चे तेच ग्रहण वऱ्हाडातील तळणी येथून टिपणारे जॉन एव्हरशेड त्या सुमारास कोडाईकनालचे संचालक होते. हायड्रोजनच्या तांबड्या प्रकाशातील सूर्याची दैनंदिन छायाचित्रे तेथे १९१२ पासूनच घेतली जाऊ लागली. पुण्यातील कामाचा धागा तुटला. पण तो निराळ्या ठिकाणी विणला गेला.

कोडाईकनालचे यंत्र मात्र खोलीभर जागा व्यापणारे होते. त्यात फटीपुढून सूर्यप्रतिमा हळूहळू सरकवून चित्र पट्ट्यापट्ट्यांनी तयार करीत. अमेरिकेत जॉर्ज एलरी हेल यांनी याच पद्धतीने १९०८ मध्ये सौरडागांभोवतीची भोवऱ्यांसारखी रचना या रेषेत पाहिली. १९३० नंतरच्या दशकात फ्रान्सचे बर्नार ल्यो यांनी स्फटिकांच्या चकत्यांचा फिल्टर सिद्ध केला, आणि संपूर्ण बिंब एकाच वेळी डोळ्याने पाहण्याची सोय झाली.

फिल्टरची घडण

आज हौशी निरीक्षकांच्या हाती असलेला फिल्टर बहुधा निराळ्या तत्त्वावर चालतो. शार्ल फाब्री व आल्फ्रेड पेरो या फ्रेंच शास्त्रज्ञांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मांडलेली ही रचना ‘एटलॉन’ या नावाने ओळखली जाते. काचेच्या दोन अत्यंत सपाट व समांतर चकत्या, आतील बाजूंना अर्धवट परावर्तन करणारा मुलामा, आणि मध्ये मिलिमीटरच्या लहानशा अंशाइतके अंतर, एवढेच तिचे स्वरूप. प्रकाश या अंतरात मागे-पुढे आपटत राहतो. ज्या तरंगलांबींचा त्या अंतराशी नेमका मेळ बसतो त्याच बाहेर पडतात, बाकीच्या एकमेकींना मारून टाकतात.

सोलापूरच्या विणकराला ही गोष्ट समजावयास अवघड जाऊ नये. मागावरील फणीच्या घरांतून सूत जावे, मधल्या दात्यांवर अडावे, तसा एटलॉनमधून प्रकाश ठराविक अंतराने असलेल्या अनेक अरुंद घरांतून जातो. हवे असते त्यांतील एकच घर. म्हणून एटलॉनच्या पाठीशी दुसरा अडथळा-फिल्टर बसवावा लागतो. तो शेजारची सर्व घरे बंद करतो. याखेरीज उष्णता व अतिनील किरण अडविणारी काच असते. हे तिन्ही भाग मिळून एक फिल्टर होतो. त्यांतील एक काढला, बदलला वा घरी दुरुस्त केला, तर उरलेली वस्तू सूर्याकडे पाहण्याजोगी राहत नाही.

फिल्टर किती अरुंद, हा यातील कळीचा मुद्दा. काठावरची तेजःशृंगे काहीशा रुंद फिल्टरमधूनही दिसतात, पण बिंबावरील तपशील उमटण्यासाठी रुंदी एक अँगस्ट्रॉमपेक्षा कमी हवी. बाजारातील फिल्टर सामान्यतः ०.७ अँगस्ट्रॉमच्या आसपास असतात. दोन एटलॉन एकापुढे एक लावून ती ०.५ पर्यंत आणता येते. त्यामुळे प्रतिमा अधिक रेखीव होते, मात्र खर्चही तसाच वाढतो.

एटलॉन किंचित कलता केला, त्यातील हवेचा दाब बदलला किंवा काही प्रकारांत त्याचे तापमान बदलले, की निवडलेली तरंगलांबी थोडी सरकते. ही केवळ जुळणीची सोय नव्हे. वर्णगोलातील वायू निरीक्षकाकडे किंवा त्याच्यापासून दूर वेगाने जात असेल तर त्याची रेषा सरकते. सेकंदाला सुमारे ४६ किलोमीटर वेगास एक अँगस्ट्रॉम, असे हे प्रमाण आहे. बिंबावरचा एखादा काळा तंतू दिसेनासा झाला आणि फिल्टर निळ्या बाजूस किंचित वळवताच पुन्हा दिसू लागला, तर तो सूर्यापासून सुटून वर निघाला आहे असे समजावे. वेग मोजण्याचे असे साधन चाळीस मिलिमीटरच्या दुर्बिणीत सापडावे, ही नवलाची गोष्ट आहे.

काय दिसते

प्रथमच पाहणाऱ्याची बहुधा थोडी निराशा होते. सपाट तांबडी चकती, एवढेच त्याला दिसते. डोळ्याला या गडद तांबड्या रंगाची सवय होण्यास काही मिनिटे लागतात. डोक्यावरून काळे कापड घेऊन बाजूचा उजेड अडवल्यास ती लवकर होते. मग काठावर एखादी तेजःशृंगाची कमान दिसू लागते. पृथ्वीचा व्यास सूर्यबिंबाच्या १०९ व्या भागाइतका आहे. हे माप डोळ्यांपुढे ठेवले की, काठावरची ती क्षुद्र वाटणारी कमान अनेक पृथ्वी सामावून घेणारी आहे हे उमगते. हेच तेजःशृंग बिंबावर आले की दीप्तीच्या पार्श्वभूमीवर काळ्या तंतूसारखे दिसते. दोन्ही एकच, हे समजावयास खगोलशास्त्रज्ञांनाही काळ लागला.

सौरडागांच्या परिसरात उजळ ठिगळे असतात. क्वचित त्यांतील एखादे काही मिनिटांत लखलखीत होते. ती सौरज्वाला होय. २०२४ च्या मे महिन्यात अशा ज्वालांच्या मालिकेनंतर आलेल्या चुंबकीय वादळामुळे लडाखमधील हानले येथे ध्रुवीय प्रकाशाची छायाचित्रे घेता आली. उपग्रह, रेडिओ संदेशवहन व वीजवाहिन्या यांच्याशी सूर्याच्या या स्वभावाचा थेट संबंध आहे. उदयपूरच्या सौर वेधशाळेतील उपकरण दर मिनिटास या तांबड्या रेषेत सूर्य टिपते ते यासाठीच. ‘आदित्य-एल१’ यानावरील पुण्याच्या ‘आयुका’ संस्थेने विकसित केलेली ‘सूट’ दुर्बीण मात्र अतिनील पट्ट्यात काम करते.

नाव एक, वस्तू दोन

रात्रीच्या आकाशातील तेजोमेघांची छायाचित्रे घेणारेही ‘हायड्रोजन-आल्फा’ याच नावाचा फिल्टर वापरतात. तो तुलनेने स्वस्त असतो, सहज मिळतो, आणि येथेच घात होतो. त्याची रुंदी साधारणतः ३० ते १२० अँगस्ट्रॉम असते. सत्तर अँगस्ट्रॉमचा असा फिल्टर घेतला तर तो सौर फिल्टरच्या शंभरपट रुंद झाला. त्यातून वर्णगोल तर दिसत नाहीच, कारण दीप्तिगोलाचा पूर येतो. शिवाय तो प्रकाश मंद करण्यासाठी नव्हे, तर अंधुक प्रकाश वेचून पुढे पाठवण्यासाठी बनवलेला असतो. साठ मिलिमीटरची दुर्बीण दोन मिलिमीटरच्या बाहुलीच्या नऊशेपट प्रकाश गोळा करते. तो नेत्रपटलावर पडल्यास इजा होण्यास क्षण पुरतो, आणि नेत्रपटलाला वेदना होत नसल्याने ती त्या वेळी जाणवतही नाही.

हाच नियम ग्रहणाच्या चष्म्यालाही लागू आहे. तो नुसत्या डोळ्यांसाठी आहे, दुर्बिणीच्या नेत्रिकेपाशी धरण्यासाठी नव्हे. जुन्या लहान दुर्बिणींबरोबर नेत्रिकेत बसविण्याची काळी काच मिळत असे. एकवटलेल्या उष्णतेने ती तडकते. ती कोणाजवळ असल्यास फेकून द्यावी. दुर्बिणीवरील शोधक दुर्बीण झाकावी किंवा काढून ठेवावी. नळीची सावली जमिनीवर सर्वांत लहान होईल तेव्हा ती सूर्यावर लागली असे समजावे. मुले जवळ असताना दुर्बीण क्षणभरही सोडून जाऊ नये.

सोलापुरातून निरीक्षण

पर्जन्यछायेच्या प्रदेशात असल्याने सोलापुरास पावसाळा सोडून बहुतेक महिने स्वच्छ आकाश लाभते. अडचण आहे ती जमिनीची. काळी माती व सिमेंटच्या गच्च्या उन्हाने तापल्या की हवा उकळत्या पाण्यासारखी थरथरते आणि प्रतिमा विस्कटते. म्हणून सूर्य थोडा वर आल्यापासून दहाच्या सुमारापर्यंतचा काळ उत्तम. उदयपूरची वेधशाळा फतेहसागर तलावातील बेटावर बांधली गेली, कारण पाण्यावरील हवा शांत राहते. हिप्परग्याच्या तलावाच्या पश्चिम काठावर दुर्बीण लावल्यास सकाळचा सूर्य पाण्यावरूनच पाहता येईल. ही जागा अजमावून पाहण्यासारखी आहे.

पूर्ण सौर दुर्बिणीची किंमत लाख रुपयांच्या घरात जाते. प्रत्येक शाळेने ती घ्यावी असे सुचविणे व्यवहार्य नाही. तालुक्यातील काही शाळांनी मिळून एक घ्यावी आणि जाणत्या शिक्षकाच्या ताब्यात ठेवावी, हे अधिक योग्य. तोवर लहान दुर्बिणीने पांढऱ्या कागदावर सूर्यप्रतिमा पाडून डागांच्या नोंदी ठेवता येतात. त्यास फिल्टर लागत नाही, मात्र नेत्रिकेतून कोणी पाहणार नाही याची दक्षता घ्यावी लागते.

नोंदीसाठी कागदावर दहा सेंटिमीटर व्यासाचे वर्तुळ आखून घ्यावे आणि तेजःशृंगे, तंतू, उजळ ठिगळे पेन्सिलीने काढावीत. चित्राखाली दिनांक व भारतीय प्रमाणवेळ लिहावी. दुर्बीण स्थिर ठेवल्यास सूर्यबिंब दृष्टिक्षेत्राबाहेर सरकू लागते. त्याची जी कड प्रथम बाहेर जाते ती पश्चिम. ती खूण वर्तुळावर केली म्हणजे चित्र उदयपूरच्या त्याच दिवशीच्या प्रतिमेशी ताडून पाहता येते.