शरीराचाही सेतू अभ्यास : सुटलेला व्यायाम पुन्हा सुरू करताना



व्यायामाचे फायदे कोणते, हा प्रश्न चौथीतल्या मुलाला विचारला तरी तो पाच मुद्दे सांगतो. आपली अडचण वेगळी आहे. एकेकाळी रोज पहाटे चालायला जाणारे, सूर्यनमस्कार घालणारे, मैदानावर कबड्डी खेळणारे आपणच असतो. मग पावसाळा येतो, लग्नसराई येते, निवडणुकीची ड्युटी लागते, घरात कोणी आजारी पडतं किंवा बदली होते. आठ दिवसांचा खंड महिन्याचा होतो, महिन्याचं वर्ष होतं. आता पुन्हा सुरू करू म्हटलं की मनच होत नाही. असा मोठा खंड पडल्यावर सुरुवात कशी करायची, ते आज पाहूया.

खंड पडल्यावर शरीरात काय होतं?

व्यायाम थांबला की सगळ्यात आधी दम कमी होतो. दोन-तीन आठवड्यांतच हा फरक सुरू होतो, म्हणूनच जिना चढताना धाप लागते. स्नायूंची ताकद त्या मानाने सावकाश उतरते. पण तिशीनंतर स्नायू तसेही हळूहळू कमी होऊ लागतात, त्यामुळे खंड जितका लांबतो तितकं नुकसान वाढतं.

यात एक दिलासाही आहे. पूर्वी कमावलेली ताकद परत मिळवायला पहिल्या वेळेइतका काळ लागत नाही. शरीर जुना धडा पूर्ण विसरलेलं नसतं. फक्त उजळणी हवी असते.

मन का होत नाही?

याचं एक मोठं कारण म्हणजे आपण स्वतःची तुलना जुन्या स्वतःशी करतो. "पूर्वी मी पाच किलोमीटर चालायचो, २४ नमस्कार घालायचो," हे डोक्यात असतं. मग पहिल्याच दिवशी तेवढं करायला जातो. दुसऱ्या दिवशी अंग आंबून जातं, पोटऱ्या दुखतात, खुर्चीतून उठवत नाही. तिसऱ्या दिवशी सुट्टी आणि चौथ्या दिवशी व्यायाम बंद! आणि "आता आपल्याला जमत नाही" हा समज पक्का होतो. असं दोनदा-तीनदा झालं की माणूस पुन्हा प्रयत्नच करत नाही. खंडापेक्षा हा समज जास्त घातक आहे.

सेतू अभ्यास आठवा

कोरोनाकाळात मुलांचा अभ्यास मागे पडला होता. तेव्हा आपण त्यांना एकदम पुढच्या इयत्तेचा धडा शिकवायला घेतला नाही. २०२१ मध्ये महाराष्ट्रात ४५ दिवसांचा सेतू अभ्यास राबवला. आधी मागच्या इयत्तेची उजळणी, मधे मधे चाचणी, मग पुढचा अभ्यास. वजाबाकी विसरलेल्या मुलाला आपण भागाकार देत नाही आणि तो विसरला म्हणून त्याला रागावतही नाही. हाच न्याय स्वतःच्या शरीराला का नको?

४५ दिवस म्हणजे साधारण सहा आठवडे. त्याचं नियोजन असं करता येईल :

१. पहिला आठवडा : रोज फक्त १० मिनिटं चालणं किंवा २-३ सूर्यनमस्कार. आणखी करावंसं वाटलं तरी थांबायचं. या आठवड्यात फक्त हजेरी लावायची आहे.

२. दुसरा आठवडा : १५ मिनिटं. चालताना बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये, इतपत वेग ठेवा. मध्यम व्यायामाची ही सोपी खूण आहे.

३. तिसरा आणि चौथा आठवडा : २० मिनिटं. त्यात आठवड्यातून दोन दिवस भिंतीला हात टेकून जोर आणि खुर्चीवरून उठबस, प्रत्येकी ८-१० वेळा. आता दम वाढलेला असतो, त्यामुळे उत्साहाच्या भरात एकदम पळावंसं वाटतं. इथे सांभाळा. दम लवकर वाढतो, पण गुडघे आणि टाचांजवळच्या शिरा कणखर व्हायला जास्त वेळ घेतात.

४. पाचवा आणि सहावा आठवडा : ३० मिनिटं, आठवड्यातून पाच दिवस. म्हणजे १५० मिनिटं झाली. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी आठवड्याला किमान एवढाच मध्यम व्यायाम सांगितला आहे.

पाऊस असेल किंवा गावात चालायला नीट रस्ता नसेल, तर सूर्यनमस्कारांना एक सतरंजी पुरते. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी आपल्या संस्थानातल्या शाळांमध्ये सूर्यनमस्कार सुरू केले होते. साहित्य लागत नाही, मैदान लागत नाही, हा त्यांचा मोठा फायदा आहे.

उत्साह येण्याची वाट पाहू नका

"मूड आला की करू" असं म्हणून व्यायाम होत नाही. शाळेची घंटा मूड पाहून वाजते का? व्यायामाला अशीच एक घंटा हवी. रोज ठरलेलं एखादं काम निवडा आणि व्यायाम त्याला जोडा. सकाळचा चहा झाला की बूट घालायचे किंवा शाळेतून आल्यावर पिशवी ठेवली की लगेच बाहेर पडायचं. बूट रात्रीच दाराशी काढून ठेवा. शेजारचं कोणी सोबतीला असेल तर फारच छान, कारण कोणी खाली वाट बघत असलं की टाळाटाळ करता येत नाही. भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज एक खूण करा. हे आपलं हजेरीपत्रक!

२१ दिवसांत सवय लागते, असं आपण ऐकतो. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासात मात्र सरासरी ६६ दिवस लागलेले दिसले. कोणाला १८ दिवस, तर कोणाला २५० च्या वर लागतील असा अंदाज निघाला. म्हणून तीन आठवड्यांनंतरही कंटाळा येत असेल, तर आपल्यात काही कमी आहे असं समजू नका. याच अभ्यासात असंही दिसलं की एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्यात फारसा फरक पडत नाही. म्हणून एक दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी पाच मिनिटं तरी करा. आठ-दहा दिवस चुकले तर एक पायरी मागे या आणि तिथून पुढे चला.

थोडी काळजी

सुरुवातीला एक-दोन दिवस अंग दुखणं स्वाभाविक आहे. पण छातीत दुखणं, चक्कर येणं किंवा सांध्यात तीव्र कळ येणं, असं काही झालं तर लगेच थांबा आणि डॉक्टरांना दाखवा. हृदयविकार, रक्तदाब किंवा मधुमेह असेल, शस्त्रक्रिया झाली असेल किंवा गरोदरपण असेल, तर आधी डॉक्टरांना विचारूनच सुरुवात करा.

शेवटी एक गोष्ट शिक्षक आणि पालकांसाठी. ५ ते १७ वयाच्या मुलांना रोज सरासरी ६० मिनिटं शारीरिक हालचाल हवी असते. आपण खुर्चीत बसून "जा, खेळ" म्हटलं तर मूल मोबाइल घेऊन शेजारी बसतं. आपण बूट घातले तर तेही चप्पल शोधू लागतं. त्यालाही सोबत घ्या. पहिल्या आठवड्याची १० मिनिटं त्याच्या गप्पांत कधी संपतील, कळणारही नाही.

चला तर मग, आज रात्री फक्त बूट दाराशी काढून ठेवूया. उद्याचा अभ्यास १० मिनिटांचाच आहे.