नागपूरचा माठ आणि डोंबिवलीचा घाम

गेल्या मे महिन्यात माझी थोरली बहीण, भावोजी, दोन भाचे आणि ताईचे सासरे तात्या असे सगळे नागपूरकर आमच्याकडे डोंबिवलीला आठवडाभर राहून गेले. मुलांनी एक दिवस घरी बसून काढला नाही. ठाण्याच्या मासुंदा तलावात होडीत बसून झाले, कल्याणचा दुर्गाडी किल्ला झाला, अंबरनाथचे इ. स. १०६० मधले शिवमंदिर झाले. तिथल्या गाभाऱ्यात पाऊल ठेवताच धाकटा भाचा म्हणाला, "मामा, आपण इथेच राहू या!" जाड दगडी भिंती दुपारीही गार का राहतात, हा एक वेगळा पाठ आहे. तो पुन्हा केव्हातरी.

तक्रारीला मात्र पहिल्याच दिवशी आमच्या माठापासून सुरुवात झाली. तात्यांनी एक घोट घेतला आणि भांडे खाली ठेवले. "हे तर कोमटच आहे, बाप्पा! माठ जुना झाला तुमचा." आम्ही नवा माठ आणला. पाणी तसेच! तेव्हा नववीतल्या थोरल्या भाच्याने विचारले, "नागपूरला ४३ अंश आहेत आणि इथे ३५. मग इथल्या माठातले पाणी जास्त गार व्हायला नको का?"

प्रश्न फार चांगला होता. उत्तर पुस्तकातून न देता मी घरातले दोन तापमापी काढले. एकाच्या फुग्याला मलमलीची ओली चिंधी गुंडाळली, तिचे टोक पाण्याच्या वाटीत सोडले आणि दोन्ही तापमापी सावलीत, पंख्याच्या वाऱ्यात टांगले. दहा मिनिटांनी कोरड्या फुग्याचा तापमापी ३५ अंश सेल्सिअस दाखवत होता आणि ओल्या फुग्याचा २८.५. भाच्याने नागपूरच्या मित्राला फोन करून हाच प्रयोग त्याच्या घरी करायला लावला. तिकडचे आकडे आले: कोरडा ४३, ओला २३!

विद्यार्थी मित्रांनो, पाण्याची वाफ होताना ते भोवतालची उष्णता शोषून घेते. ओला फुगा थंड होतो तो त्यामुळे, आणि माठातले पाणी गार होते तेही त्यामुळेच. पण हे निवणे ओल्या फुग्याच्या तापमानापाशी थांबते. माठ कितीही चांगला असला तरी त्याच्या खाली जाऊ शकत नाही. नागपूरला माठाला २० अंश खाली उतरायला वाव होता, आम्हाला जेमतेम साडेसहा. तात्यांचा कूलर आणि वाळ्याचे तट्टे नागपुरात घर गार करतात, डोंबिवलीत नुसते दमट करतात, त्याचेही कारण हेच.

हा फरक कुठून येतो? आपल्या तिन्ही गावांना खाडीचा शेजार आहे आणि वारा समुद्रावरून येतो. कोरड्या व ओल्या फुग्यांच्या आकड्यांवरून कोष्टकात पाहिले, तर आमच्याकडील सापेक्ष आर्द्रता सुमारे ६० टक्के आणि नागपूरची सुमारे १५ टक्के निघते. म्हणजे आमच्या हवेतील बाष्पाचा दाब पाऱ्याच्या २५ मिलिमीटरइतका, नागपूरचा फक्त १०. घामाने भिजलेल्या ३५ अंशांच्या त्वचेलगत हाच दाब ४२ असतो. बाष्प अधिक दाबाकडून कमी दाबाकडे जाते. नागपूरला ही उतरण ३२ मिलिमीटरची, इथे १७ ची. नागपूरचा घाम दिसतही नाही, कारण तो आला तसा उडतो. डोंबिवलीचा शर्टात राहतो.

इथवर सारी गंमत होती. गुरुवारी आम्ही टिटवाळ्याला गणपतीच्या दर्शनाला गेलो आणि परतताना बारा वाजले. "मी ४५ अंशांत सायकल चालवलेला माणूस आहे," असे म्हणत तात्या स्टेशनचा पूल चढू लागले. वरच्या पायरीवर ते कठड्याला धरून उभे राहिले. अंगातून धारा, चेहरा पांढराफटक. "डोळ्यांपुढे अंधारी येते," एवढेच म्हणाले.

माणूस स्वस्थ बसला तरी त्याच्या शरीरात साधारण १०० वॉट उष्णता निर्माण होते. जिने चढताना ती सहज ३०० वॉटच्या वर जाते. हवा ३५ अंशांवर, म्हणजे त्वचेइतकीच गरम असली, की नुसत्या हवेच्या स्पर्शाने उष्णता बाहेर जात नाही. सारा भार घामावर पडतो. एक ग्रॅम घाम उडाला की सुमारे २४०० ज्यूल उष्णता जाते. तेव्हा ३०० वॉटसाठी तासाला ४५० ग्रॅम, जवळजवळ अर्धा लिटर, घाम *उडाला* पाहिजे. जो नाकावरून टपकतो किंवा रुमालाने पुसला जातो तो या हिशेबात धरायचा नाही! पाणी आणि मीठ मात्र त्याच्याबरोबर जातेच. तात्यांचे नेमके हेच झाले होते.

त्यांना सावलीत आडवे करून पाय थोडे उंच ठेवले, सदऱ्याच्या गुंड्या सोडल्या, मानेवर व छातीवर ओला रुमाल फिरवला आणि भावोजींनी वर्तमानपत्राने वारा घातला. वाऱ्याने हवेचे तापमान कमी होत नाही. पण त्वचेला चिकटलेला बाष्पाचा थर दूर होऊन घाम उडू लागतो. (गाडी चालू असताना डब्यात बरे वाटते आणि ती सिग्नलला थांबली की जीव घाबरा होतो, तो यामुळेच. नागपूरच्या ४३ अंशांच्या झळा मात्र अंग तापवतात. म्हणून तिथे कान-डोके बांधून निघतात. तो पोशाख इथे करू नये.) मीठ-साखरेचे पाणी घोटघोट पाजल्यावर अर्ध्या तासात तात्या बसते झाले. ते असंबद्ध बोलू लागले असते किंवा शुद्ध हरपली असती, तर मात्र तो उष्माघात. तेव्हा तोंडात पाणी घालायचे नाही, अंग ओले करत थेट रुग्णालय गाठायचे.

हे मी मुद्दाम विस्ताराने लिहितो आहे. १६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईतील खारघरला उघड्या मैदानावर झालेल्या एका मोठ्या कार्यक्रमानंतर उष्माघाताने १४ माणसे दगावली. त्या दिवशी परिसरात पारा ३८ अंशांच्या आसपास होता. नागपूरने २०१३ च्या मे महिन्यात ४७.९ अंश पाहिले आहेत, त्यापुढे ३८ म्हणजे काहीच नाही असे वाटेल. पण हवामान खातेदेखील उष्णतेच्या लाटेचा विचार मैदानी प्रदेशात ४० अंशांपासून आणि किनाऱ्यावर ३७ पासूनच करते. ओल्या फुग्याचे तापमान ३५ अंशांवर गेले, तर घाम येऊनही शरीर निवू शकत नाही. तरुण, धडधाकट माणसांवर केलेल्या प्रयोगांत तर दमट हवेत ही मर्यादा ३१ च्या आसपासच आढळली. आमच्या गच्चीवर ती २८.५ होती!

शिक्षकांनी हा प्रयोग वर्गात जरूर करावा. दोन तापमापी आणि एक चिंधी, एवढेच साहित्य लागते. मात्र आधी दोन्ही तापमापी कोरडेच शेजारी ठेवून सारखा आकडा दाखवतात ना, ते पाहून घ्यावे. स्वस्तातल्या तापमापींत एका अंशाचा फरक सहज असतो.

तात्यांनी उरलेले दोन दिवस संध्याकाळी पाचच्या आत घर सोडले नाही. नागपूरला पोचल्यावर त्यांनी भाच्याकडून निरोप पाठवला: कोरडा ४४, ओला २३, माठ २४.