मोबाइलवरील नोंद आणि आईचे ताट

मूल वयाच्या मानाने ठेंगणे राहिले की 'आईबापच ठेंगणे' किंवा 'नशीब' असे म्हणून आपण गप्प बसतो. परंतु कारणाशिवाय कार्य घडत नाही, ही तथागतांची शिकवण आहे. वाढ खुंटण्याचे कारण पुष्कळदा आईच्या गर्भातच सुरू होते. गर्भारपणाचे २७० आणि जन्मानंतरच्या दोन वर्षांचे ७३०, असे हे हजार दिवस मोलाचे आहेत. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील सुमारे ३५ टक्के बालकांची वाढ खुंटलेली आढळली.

२०२१ पासून अंगणवाडी सेविका 'पोषण ट्रॅकर' या मोबाइल अ‍ॅपवर गरोदर मातांची व बालकांची नोंद ठेवतात. बालकाची उंची भरली की ती वयाला योग्य आहे की नाही, हे अ‍ॅप दाखविते. परंतु तेव्हा बाळ जन्मलेले असते. धोका त्याआधीच ओळखायचा असेल, तर आईच्या तपासणीकडे लक्ष दिले पाहिजे. हिमोग्लोबिन ११ पेक्षा कमी, वजन न वाढणे, आईची उंची १४५ सेंटिमीटरहून कमी, कोवळे वय, दोन बाळंतपणांत थोडे अंतर, या धोक्याच्या खुणा आहेत. म्हणून पहिल्या तीन महिन्यांतच नाव नोंदवावे व प्रत्येक तपासणीचे आकडे माता व बाल संरक्षण कार्डावर लिहून घ्यावेत.

मात्र अ‍ॅप धोका दाखवील, ताट वाढणार नाही. आपल्या घरांत सून अजूनही सर्वांच्या शेवटी जेवते. लोहाच्या गोळ्या चौथ्या महिन्यापासून १८० दिवस घ्यायच्या असतात. त्या डब्यात पडून राहतात. गोळी चहासोबत घेऊ नये. जेवणात डाळ, पालेभाजी, अंडी असावीत, वर लिंबू पिळावे. जड ओझी उचलणे बंद करावे.

१९२८ साली मुंबई कायदेमंडळात प्रसूती लाभ विधेयकाला पाठिंबा देताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी प्रसूतीच्या आधी व नंतर आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, अशी भूमिका मांडली. गिरणीतल्या बाईसाठी त्यांनी मागितलेली विश्रांती आपण आपल्या घरातल्या सुनेला देतो का, हा प्रश्न प्रत्येक कुटुंबाने स्वतःला विचारावा. वस्तीतील प्रत्येक गरोदर भगिनीचे नाव वेळेवर नोंदले जावे आणि तिचे ताट आधी वाढले जावे, एवढीच आमची समाजबांधवांना नम्र विनंती आहे.