विजेचा तंबोरा : नकलेपासून काय शिकावें

जगांतील बहुतेक यंत्रें मनुष्याचे श्रम वांचविण्यासाठीं जन्मास आलीं. परंतु कांहीं थोडीं यंत्रें अशीं आहेत कीं, त्यांचा जन्म केवळ दुसऱ्या एका वस्तूची नक्कल करण्यासाठीं झाला. विजेचा तंबोरा हें त्यांपैकींच एक होय. पायतणांच्या खोक्याएवढी एक पेटी, दर्शनी बाजूस सूर व वेग लावण्याच्या कळा, आणि बटण दाबतांच चार तारांचा अखंड नाद, असें त्याचें साधें रूप. आमच्या चंदगड तालुक्यासारख्या मुसळधार पावसाच्या प्रदेशांत उत्तम तंबोरा विकत घेणें, तो जपून ठेवणें आणि दमट हवेंत तो सुरांत राखणें हीं तिन्हीं कामें अवघड. अशा ठिकाणीं रियाज करणाऱ्या मुलास ही पेटी म्हणजे मोठाच आधार होता. आज तीहि मागें पडली असून तिचें काम हातांतील मोबाइल करूं लागला आहे. तथापि ज्यांनीं लहानपणीं तिच्या सोबतीनें गळा तयार केला, ते तिच्या किंचित् पत्र्यासारख्या आवाजाची मोठ्या ममतेनें आठवण काढतात. ही ममता कां वाटावी, आणि नकलेपासून विद्यार्थ्यांनीं काय शिकावें, याचा विचार या लेखांत करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

मूळ वस्तु

नकलेची परीक्षा करावयाची तर आधीं अस्सल ओळखलें पाहिजे. सुदैवानें तंबोऱ्याचें माहेर आमच्यापासून फार दूर नाहीं. मिरज येथील शिकलगार घराण्यें पूर्वीं तलवारी व शस्त्रें पाजळीत असत. संस्थानी काळांत शस्त्रांची मागणी घटली, तेव्हां एकोणिसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास त्यांतील फरीदसाहेब यांनीं तंतुवाद्यें घडविण्याची विद्या हस्तगत केली, आणि तेव्हांपासून मिरजेचा तंबोरा देशभर प्रसिद्धीस आला. पंढरपूरच्या बाजूस पिकणारे मोठे कडू भोंपळे, लांकडाची दांडी, पुढें तबली, तिच्यावर घोडी व तिच्यावरून जाणाऱ्या चार तारा, अशी त्याची रचना. किराणा घराण्याचे थोर गवई खांसाहेब अब्दुल करीमखां हे मिरजेसच स्थायिक झाले होते. २०२४ सालीं मिरजेच्या सतारीस व तंबोऱ्यास भौगोलिक मानांकन मिळालें, ही गोष्ट दक्षिण महाराष्ट्रांतील प्रत्येक विद्यार्थ्यानें अभिमानानें ध्यानांत ठेवावी.

तारेचें रहस्य

तंबोऱ्याची तार छेडली असतां एकच सूर निघतो असें वरवर वाटतें. पण तें खरें नव्हे. समजा, खर्जाची तार सेकंदास १२० वेळां कंप पावते. ती सबंध हालते, त्याच वेळीं दोन भागांत, तीन भागांत, चार भागांत व पांच भागांतहि हालते. म्हणून तींतून १२०, २४०, ३६०, ४८० आणि ६०० कंपनांचे नाद एकदम निघतात. यांपैकीं ४८० हा षड्जच होय, आणि ६०० भागिले ४८० म्हणजे सव्वा, हा शुद्ध गंधार. गवई ज्यास स्वयंभू गंधार म्हणतात तो हाच. त्यासाठीं निराळी तार नसतां तो उमटतो, म्हणून तो स्वयंभू.

हे सहनाद सर्वच तारांतून निघतात. मग तंबोऱ्यांतच ते इतके झळाळून कां ऐकूं यावे? या प्रश्नाचा शास्त्रीय विचार सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनीं १९२१ सालीं प्रसिद्ध केलेल्या एका निबंधांत केला. तंबोऱ्याची घोडी धारदार नसून तिची पाठ किंचित् वांकलेली असते. तार तिच्यावर एका बिंदूस न टेकतां हालतां हालतां तिला पुनःपुन्हां स्पर्श करिते, आणि घोडी व तार यांमध्यें सरकविलेला बारीक दोरा हा स्पर्श नेमका जुळवून देतो. यालाच आपण जवारी लावणें म्हणतों. सामान्य नियम असा कीं, तार ज्या जागीं छेडावी त्या जागीं ज्या सहनादाचा स्थिर बिंदु पडतो, तो सहनाद निघूं नये. तंबोऱ्यांत तोहि निघतो, असें रामन यांस दिसून आलें. कारागिराच्या बोटांनीं जें शतकांपूर्वीं साधलें होतें, तें शास्त्राच्या ध्यानीं पुढें आलें.

नकलेचे पहिले प्रयत्न

यंत्रानें आपला सूर नेमका धरावा, ही हौस आमच्या भागांत जुनी आहे. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनीं १९१० सालीं बावीस श्रुतींवर इंग्रजींत पुस्तक प्रसिद्ध केलें. ई. क्लेमेंट्स या इंग्रज सनदी अधिकाऱ्याच्या साहाय्यानें पुढें त्या श्रुति वाजविणारी हार्मोनियम तयार करविण्यांत आली. १९१६ सालीं बडोद्यास भरलेल्या संगीत परिषदेंत तिची चर्चा झाली. परंतु गवयांचें समाधान झालें नाहीं. त्यानंतर १९४० सालीं आकाशवाणीनें हार्मोनियमवर जी बंदी घातली, ती सुमारें तीस वर्षें टिकली. एवढा वाद कां? कारण हार्मोनियमचे बारा सूर समान अंतरावर बांधलेले असतात. वरच्या उदाहरणांत तिचा गंधार ६०० कंपनांचा न पडतां सुमारें ६०५ कंपनांचा पडतो.

विद्यार्थ्यांनीं हा प्रयोग अवश्य करून पाहावा. तंबोऱ्याचा षड्ज हार्मोनियमच्या षड्जाशीं अगदीं मिळवावा. मग खर्जाची तार हळूंच छेडून तींतील गंधाराकडे कान द्यावा आणि त्याच वेळीं हार्मोनियमवरील त्याच उंचीचा गंधार मंद धरावा. दोन नाद एकमेकांवर हेलकावे खातांना ऐकूं येतील. वरील मापाच्या खर्जाशीं ते सेकंदास सुमारें पांच होतील. जें गणितांत पांच कंपनांचें अंतर आहे तें कानास असें प्रत्यक्ष मोजतां येतें.

पेटींत तंबोरा कसा बसविला

१९७९ सालीं बंगळूरचे अभियंते व बांसरीवादक जी. राज नारायण यांनीं विजेचा तंबोरा तयार केला. आरंभीं विजेच्या मंडलांतून लहरी उत्पन्न करून तंबोऱ्यासारखा नाद काढीत. पुढें खऱ्या तंबोऱ्याचा नाद आंकड्यांत साठवून तो पुनःपुन्हां वाजविण्याची रीत आली. ही दुसरी रीत गणिताच्या विद्यार्थ्यांस मनोरंजक वाटेल.

ध्वनि म्हणजे हवेच्या दाबांतील चढउतार. हा चढउतार सेकंदास ४४,१०० वेळां मोजावा आणि प्रत्येक माप ६५,५३६ पायऱ्यांच्या पट्टीवर नोंदावें, अशी पद्धत १९८२ सालीं बाजारांत आलेल्या सीडी तबकडीनें रूढ केली. इतकीं मापें घेण्याचें कारण असें कीं, नादांतील सर्वांत उंच कंपनसंख्येच्या दुपटीहून अधिक वेळां माप घेतलें तरच तो नाद पुन्हां उभा करितां येतो, आणि मनुष्याच्या कानास सुमारें २०,००० कंपनांपर्यंत ऐकूं येतें. प्रत्येक मापास दोन बाइट जागा लागते. म्हणजे एका सेकंदास ८८,२०० बाइट. चार तारांचें एक आवर्तन सहा सेकंदांचें धरिलें तर ५,२९,२०० बाइट झाले. आतां ३२,७६८ बाइटांची एक जुन्या काळची चिप घ्या. तींत सेकंदाचा जेमतेम तिसरा हिस्सा मावेल, आणि सबंध आवर्तनास अशा सतरा चिपा लागतील!

यावरून जुन्या यंत्रांत काटकसर कां करावी लागे हें कळेल. मापें कमी वेळां घ्यावीं, तर उंच सहनाद गळतात. आणि जवारीची झळाळी तर त्या उंच सहनादांतच असते. लहान कर्णा बसवावा, तर खर्जाचा भरदारपणा उमटत नाहीं. थोडाच तुकडा साठवून फिरवावा, तर प्रत्येक आवर्तन अगदीं एकसारखें येतें. खऱ्या तंबोऱ्यांत बोटांचे दोन आघात कधींहि तंतोतंत सारखे नसतात. म्हणजे नकलेंत जें जें उणें राहिलें, त्यानेंच मूळ वस्तूंत काय काय आहे तें आपणांस दाखवून दिलें.

गिटारची पेटी

घाट उतरून गोव्यांत गेलें कीं गिटार ऐकूं येतें. विजेच्या गिटारच्या जगांतहि हीच कथा घडली. त्या वाद्याचा नाद निर्वात नळ्यांच्या ध्वनिवर्धकांतून मोठा करीत. नळ्यांवर मर्यादेबाहेर भार पडला कीं लहरींचे माथे चेपले जात आणि नवे सहनाद उत्पन्न होत. अभियंत्यांच्या दृष्टीनें हा दोष. वादकांस मात्र तो इतका आवडला कीं, त्यावांचून त्यांस करमेना. वांकड्या घोडीवर तार घासल्यानें तंबोऱ्यास जवारी येते आणि माथे चेपल्यानें गिटारास धार येते. कारणें भिन्न असलीं तरी दोन्हींकडे एका लहानशा विकृतीनेंच नादास श्रीमंती दिली, हें साम्य लक्षांत घेण्यासारखें आहे.

पुढें जड ध्वनिवर्धक वाहून नेण्याऐवजीं त्याची नक्कल पेटींत करण्याचा उद्योग सुरू झाला. येथें केवळ नाद साठवून भागत नाहीं, कारण वादक पुढें काय वाजवील हें यंत्रास ठाऊक नसतें. म्हणून नळीचा नियमच गणितानें मांडावा लागतो. १९८३ सालीं बॉस या जपानी कंपनीनें पायानें दाबावयाची, आंकड्यांवर चालणारी प्रतिध्वनीची लहान पेटी काढली. १९९५ सालीं रोलंडनें गिटार व ध्वनिवर्धक या दोहोंची नक्कल करणारें यंत्र आणिलें. आणि १९९८ सालीं अमेरिकेंतील लाइन सिक्स कंपनीची ‘पॉड’ नांवाची, घेवड्याच्या दाण्याच्या आकाराची तांबडी पेटी निघाली. आजच्या यंत्रांपुढें हीं यंत्रें बाळबोध वाटतात. तरीहि कित्येक वादक तीं जपून ठेवतात. गंमत अशी कीं, १९७८ सालच्या लेक्सिकन २२४ या घुमार निर्माण करणाऱ्या यंत्राचा नाद हुबेहूब काढणाऱ्या संगणकीय योजना आतां विकत मिळतात. मोठ्या दालनाच्या घुमाराची नक्कल म्हणून जें जन्मास आलें, त्याचीच आतां नक्कल होऊं लागली!

ममतेचें कारण

मग जुन्या, उण्या यंत्राविषयीं ही ममता कां? आमच्या मतें याचीं कारणें दोन. एक तर तें यंत्र आपल्या कष्टांचें साक्षी असतें. पहाटे दिव्याखालीं बसून लाविलेला पहिला षड्ज, शेजाऱ्यांची झोपमोड होऊं नये म्हणून कमी केलेला आवाज, मध्येंच वीज गेल्यावर नुसत्या गळ्यानें पुढें धरून ठेवलेला सूर, हें सर्व त्या पेटीच्या नादास चिकटलेलें असतें. दुसरें कारण असें कीं, यंत्राचें उणेपण भरून काढावयास ऐकणाऱ्यास आपलें मन घालावें लागे. पेटींत जवारी कमी असे, म्हणून ती मनानें ऐकावी लागे. सर्व कांहीं तयार हातीं पडूं लागलें म्हणजे कान आळशी होण्याचें भय असतें.

विद्यार्थ्यांस व पालकांस

यंत्राचा तिरस्कार करा, असें आम्ही मुळींच सांगत नाहीं. ज्या घरीं तंबोरा येणें शक्य नव्हतें तेथें या पेटीनें सूर पोंचविला, हें तिचें ऋण मानलेंच पाहिजे. परंतु एक गोष्ट ही पेटी करूं शकत नाहीं. ती विद्यार्थ्यास तंबोरा मिळवावयास शिकवीत नाहीं. कळ फिरविली कीं सूर लागतो, आणि कानास कांहींच काम उरत नाहीं. बेळगांवनजीक सुळेभावी येथें १९२४ सालीं जन्मलेले कुमार गंधर्व हे तंबोरे मिळविण्याविषयीं किती काटेकोर होते हें सर्वश्रुत आहे. खुंटी पिळावी, मणी किंचित् सरकवावा, दोरा केसभर हलवावा आणि स्वयंभू गंधार उमलेपर्यंत धीर धरावा, या खटाटोपांतच कानाचें खरें शिक्षण होतें. आणि तें शिक्षण ज्यांस नको त्यांची संख्या वाढत गेली, तर मिरजेच्या कारागिराची विद्या घेण्यास त्याचीं मुलें तरी कशास बसतील? मानांकनाचा कागद वाद्याचें नांव राखील. वाद्य राखावयास तें ऐकणारा व मिळविणारा पाहिजे.

म्हणून पालकांस आमची विनंति अशी कीं, मुलांस एकदां तरी मिरजेस नेऊन भोंपळ्याचा तंबोरा कसा होतो तें दाखवावें. आणि विद्यार्थ्यांनो, शाळेंत अगर भजनाच्या ठिकाणीं तंबोरा असेल तर यंत्र सुरू करण्यापूर्वीं पांच मिनिटें तो स्वतः मिळवून पाहा. तो लागला नाहीं तरी चिंता नाहीं. न लागण्याचें कारण शोधतां शोधतांच कान तयार होतो. आणि एकदां तयार झालेला कान अस्सल काय व नक्कल कोणती हें ओळखील, शिवाय चांगल्या नकलेचें मोलहि जाणील.